वाव, पागम आणि चेन्नईच्या समुद्राचा तळ

दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत जेवढं अंतर होतं, त्याला मराठीत ‘वाव’ म्हणतात. दोर मोजायचं आणि पाण्याची खोली सांगायचं हे जुनं माप. संस्कृतात ते ‘व्याम’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याम ८४ अंगुळांचा सांगितला आहे आणि तो दोर व खणलेली खोली मोजण्यासाठी असल्याचंही नोंदवलं आहे. तमिळ मच्छीमार याच मापाला ‘पागम’ म्हणतो. इंग्रजीतला ‘फॅदम’ मुळात पसरलेल्या बाहूंचाच आहे, आणि पोर्तुगीज ‘ब्रासा’ व फ्रेंच ‘ब्रास’ हे शब्दही बाहूवरूनच आले आहेत. एवढ्या दूरदूरच्या भाषा एकाच मापावर येऊन थांबतात, याचं कारण हाताच्या कामात आहे. तळाला टेकलेला ओला दोर वर घेताना माणूस तो हातांनीच ओढतो, आणि ओढता ओढता मोजतो.

मी भाषांतराचं काम करते आणि चेन्नईत राहते. मत्स्यव्यवसायावरचे इंग्रजी कागद मराठीत आणताना ‘डीप सी फिशिंग’ला ‘खोल समुद्रातील मासेमारी’ असं लिहायची रीत पडून गेली आहे. शब्दाला शब्द बरोबर बसतो. पण या शब्दाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर ‘खोल’ म्हणजे किती आणि ते कोणी मोजायचं, याचं उत्तर दर पिढीत बदललेलं दिसतं. चेन्नईसमोरचा समुद्र हा बदल पाहायला फार चांगली जागा आहे. इथे किनाऱ्यापासून दिवसभरात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर खरोखरची खोली सुरू होते.

मराठी वाचकाला हे लगेच पटणार नाही, कारण आपला समुद्र वेगळा आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेलक्षेत्र आहे, आणि तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. भूखंडाचा उथळ मंच मुंबईसमोर तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. चेन्नईसमोर हाच मंच चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये संपतो आणि पुढे तळ झपाट्याने घसरतो. बॉम्बे हाय मुंबईपासून जितकं दूर आहे, तितकं चेन्नईपासून पूर्वेला गेलं तर पायाखालचं पाणी तीन हजार मीटरच्या घरात जातं.

भरती-ओहोटीचाही फरक आहे. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. त्या ओढीवरच कोळ्यांची डोल जाळी चालतात. चेन्नईला हा फरक साधारण मीटरभराचा. खाड्याही कमी, आणि किनाऱ्यावर लाटा बारा महिने फुटत असतात. तिथे पाण्याच्या ओढीवर जाळं बांधून बसता येत नाही. फुटणाऱ्या लाटांमधून पलीकडे जाऊ शकेल अशी होडी हवी आणि तळापर्यंत पोचेल असा दोर हवा.

ती होडी म्हणजे कट्टुमरम. ‘कट्टु’ म्हणजे बांधणं, ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोराने एकत्र बांधायचे, समुद्रात जाऊन यायचं, परतल्यावर दोर सोडून ओंडके वाळूत सुकायला टाकायचे. विल्यम डँपियरच्या १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनातून हा शब्द इंग्रजी वाचकांसमोर आला. पुढे इंग्रजीत ‘कॅटमरान’ दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीचं नाव झालं. ओंडके गेले, दोर गेला, आणि बांधण्याचा अर्थही गेला. भाषांतर करणाऱ्याला अशी उदाहरणं रोज भेटतात: शब्द प्रवासाला निघतो आणि वस्तू किनाऱ्यावरच राहते.

कट्टुमरमचा दिवस वाऱ्याने ठरवलेला असे. पहाटेपूर्वी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, ज्याला आपण कोकणात मतलई म्हणतो, तो शिडात घेऊन बाहेर जायचं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो घेऊन परत यायचं. आज शौकिनांच्या फेऱ्यांना ‘फुल डे’ म्हणतात. या किनाऱ्यावरचा मूळ पूर्ण दिवस हा असा, दोन वाऱ्यांमधला. तो जितकं लांब नेई तितकंच लांब जाता येई. नोंदवहीत न लिहिलेली ही एक मर्यादा होती.

तळावरची जागा सापडवण्याचीही पद्धत होती. किनाऱ्यावरच्या दोन उंच खुणा, म्हणजे एखादं शिखर आणि त्यामागचा डोंगर, एका रेषेत येईपर्यंत जायचं. दुसऱ्या बाजूला अशाच दोन खुणांची दुसरी रेषा धरायची. दोन रेषा जिथे छेदतील तिथे दोर सोडायचा. किती पागम सुटला यावरून जागा बरोबर आहे का ते कळतं, आणि शिशाच्या वजनाला चिखल चिकटून आला की वाळू, की नुसताच ओरखडा, यावरून तळ कळतो. प्रवाहाचाही हिशेब धरावा लागतो. या किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षाचा काही काळ उत्तरेकडे आणि पावसाळ्यानंतर दक्षिणेकडे वाहतो. तो जोरात असला की दोर तिरका सुटतो आणि वीस पागमांच्या जागी पंचवीस भरतात. तो जास्तीचा दोर वजा करायला अनुभव लागतो.

या मोजणीचं लक्ष्य बहुतेक वेळा ‘पार’ असे. तमिळमध्ये पार म्हणजे पाण्याखालचा खडकाळ उंचवटा. मन्नारच्या आखातात मोत्यांच्या शिंपल्यांच्या जागांनाही हाच शब्द आहे, आणि इंग्रजी सरकारी अहवालांनी तो तसाच उचलला. आपल्याकडच्या खडपाचा हा पाण्याखालचा भाऊ. सपाट चिखलात विखुरलेला मासा खडकाच्या आडोशाला गोळा होतो. हेकरू, ज्याला इथे ‘कळवा’ म्हणतात, तो कपारीतच राहतो. तांबोशीच्या जातीचे मासेही खडकाभोवती फिरतात.

या तळाकडे सरकारचं लक्ष विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेलं. १९०५ साली मद्रास सरकारने सर फ्रेडरिक निकल्सन यांच्यावर मत्स्यव्यवसायाच्या चौकशीचं काम सोपवलं. शेतीच्या पतपेढ्यांवरच्या अहवालामुळे त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. १९०७ साली त्यांच्या देखरेखीखाली मद्रास फिशरीज ब्युरो सुरू झाला. निकल्सन जपान आणि युरोपातली मासेमारी पाहून आले होते; तरीही कट्टुमरमवरच्या माणसाला एकदम वाफेच्या ट्रॉलरवर चढवावं असं त्यांचं मत नव्हतं. आहे त्या साधनांपासून पायरीपायरीने पुढे जावं, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी जेम्स हॉर्नेल या खात्यात आले आणि नंतर त्याचे संचालक झाले. भारतीय होड्यांच्या घडणीवरचा त्यांचा १९२०चा प्रबंध आजही वाचला जातो. कट्टुमरम कोणत्या किनाऱ्यावर कसं बांधतात, हे त्यांनी एखाद्या व्याकरणकाराच्या चिकाटीने नोंदवलं.

पण बाकीच्या सरकारांना घाई होती. बंगालने १९०८-०९मध्ये ‘गोल्डन क्राउन’ हा वाफेचा ट्रॉलर आणून उपसागराचा उत्तर भाग तपासला. मुंबई सरकारने १९२१-२२मध्ये ‘विल्यम कॅरिक’ फिरवला. शेवटी मद्रासनेही १९२७च्या सुमारास ट्रॉलर घेतला आणि गव्हर्नरांच्या पत्नीवरून त्याला ‘लेडी गोशन’ असं नाव दिलं.

ट्रॉलरचं जाळं तळावरून ओढत न्यायचं असतं. त्यामुळे अशा पाहणीचा पहिला प्रश्न असतो, जाळं कुठे ओढता येईल? सपाट चिखल आणि वाळू म्हणजे चांगला तळ. खडक म्हणजे फाटलेलं जाळं, वाया गेलेला दिवस, आणि नकाशावर टाळायची जागा. त्याच समुद्राचा मच्छीमाराच्या डोक्यातला नकाशा नेमका उलटा होता. त्यात चिखल म्हणजे ओलांडून जायचं रिकामं अंतर आणि खडक म्हणजे मुक्कामाचं गाव. दोन्ही नकाशे खरे होते. छापला गेला तो मात्र एकच. म्हणून सरकारी दप्तरात चेन्नईच्या तळाचा इतिहास शोधायला गेलं, तर जिथे जिथे ‘अडथळा’ आहे तिथे तिथे आपल्याला हवी ती जागा असू शकते, हे लक्षात ठेवून वाचावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर पहिला नकाशा जिंकला. १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या खोल समुद्र मासेमारीच्या सरकारी केंद्रातूनच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय मुंबईत आहे आणि एक तळ चेन्नईत. १९५०-६०च्या दशकांत यांत्रिक बोटी आल्या आणि परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला. कोळंबी उथळ, चिखलाच्या तळावर मिळते. त्यामुळे खोल समुद्रासाठी म्हणून पुढे आलेलं ट्रॉल जाळं प्रत्यक्षात किनाऱ्याजवळ, लहान मच्छीमारांच्या जाळ्यांवरून फिरू लागलं. १९७०च्या दशकात मद्रासच्या किनाऱ्यावर यावरून हाणामाऱ्या झाल्या. त्याच सुमारास गोव्यात रापणकार रस्त्यावर आले होते. गोवा आणि केरळने १९८०मध्ये, महाराष्ट्राने १९८१मध्ये आणि तमिळनाडूने १९८३मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. तमिळनाडूत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद झाला.

दरम्यान ‘खोल’चा अर्थ पुन्हा बदलला होता. १९७६च्या कायद्याने १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र प्रादेशिक आणि २०० मैलांपर्यंतचा अनन्य आर्थिक क्षेत्र ठरला. त्यानंतर धोरणाच्या भाषेत ‘डीप सी’ म्हणजे १२ मैलांपलीकडचं पाणी असा अर्थ रूढ होत गेला. खोली आता आडवी मोजली जाऊ लागली. मुंबईसमोर १२ मैलांवर अजून उथळच असतं आणि चेन्नईसमोर तिथून मंचाचा काठ हाकेच्या अंतरावर असतो, तरी कागदावर दोन्ही ठिकाणी ‘खोल समुद्र’ एकाच रेषेवर सुरू होतो. १९९१च्या धोरणाने याच पाण्यात परदेशी भागीदारीतल्या जहाजांना वाट करून दिली. देशभरच्या मच्छीमारांनी आंदोलनं केली, मुरारी समिती नेमली गेली आणि तिने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. त्या वादात मच्छीमार संघटनांचं म्हणणं साधं होतं: तुम्ही ज्याला रिकामं, न वापरलेलं पाणी म्हणता, तिथे आम्ही जातो.

या सगळ्यात खडक बराच काळ वाचला, कारण ट्रॉलरला तो नकोच होता. आता त्याच्याकडे नवी गिऱ्हाइकं येतात. चेन्नईहून शौकिनांना दिवसभरासाठी तळाच्या मासेमारीला घेऊन जाणाऱ्या बोटी आहेत. मद्रास आणि छंदाचा गळ यांचं नातं तसं जुनं आहे. ‘द रॉड इन इंडिया’ हे १८७३चं पुस्तक लिहिणारे हेन्री सलिव्हन टॉमस मद्रास इलाख्याचेच सनदी अधिकारी होते. पण त्यांचं मन नद्यांत आणि तळ्यांत रमलेलं होतं. समुद्राच्या तळाशी गळ टाकायला पैसे देऊन जाणं ही अगदी अलीकडची गोष्ट.

अशी एक फेरी मी फेब्रुवारीत केली, तेव्हा समुद्र शांत असतो. पहाटे अंधारात निघालो. दोन-अडीच तासांनी इंजिन मंद झालं, तेव्हा शहर क्षितिजाखाली गेलेलं होतं. रेषेत धरायला एकही खूण उरली नव्हती. तांडेलाला त्याची गरज नव्हती. त्याच्या समोरच्या पडद्यावर उपग्रहाने दिलेले आकडे होते आणि शेजारी तळाची रंगीत रेघ. सपाट रेघ एका जागी उंचावली. “पार,” तो म्हणाला. पडद्यावर ४१ मीटर लिहिलेलं होतं. मी विचारलं, “अण्णा, किती खोल?” तो म्हणाला, “बावीस पागम, अक्का.” मीटर त्याने वाचले आणि पागम सांगितले. मनातल्या मनात, क्षणात केलेलं ते भाषांतर होतं, आणि चोख होतं. तांडेल हा शब्दही असाच दोन्ही किनाऱ्यांचा आहे. मराठीत तांडेल, तमिळमध्ये तंडल, तेलुगूत तंडेल. जुन्या जहाजी इंग्रजीत तोच ‘टिंडल’ झाला.

माकुळाचे तुकडे गळाला लावून दोर सोडले. वजन तळाला टेकलं की दोर सैल पडतो. लगेच हातभर वर घ्यायचा, नाहीतर गळ खडकात अडकतो. शंकरा म्हणून चेन्नईच्या बाजारात विकले जातात ते तांबूस मासे आले. दुपारी एकाला मोठा कळवा लागला. तो वर आला तेव्हा त्याचं पोट फुगलेलं होतं आणि डोळे बाहेर आले होते. एका शौकिनाने त्याला सोडून द्यायचं सुचवलं, परदेशात तशी चांगली रीत आहे म्हणून. पण खोलातून पटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी दाब कमी होताच फुगते. त्याला नुसता पाण्यात टाकला तर तो खाली जाऊ शकत नाही, तरंगत मरतो. नदीतल्या माशासाठी बनलेली सौजन्याची रीत इथे लागू पडत नाही.

कळव्याची अडचण इथे संपत नाही. त्याच्या कित्येक जाती जन्माला मादी म्हणून येतात आणि वाढल्यावर त्यांतल्या काही नर होतात. म्हणजे खडकावरचे सर्वांत मोठे मासे काढले, तर बरेचसे नर निघून जातात. ते वाढतातही हळू. एका पारावरचे मोठे कळवे एका हंगामात संपले, तर तो पार पुन्हा भरायला वर्षं लागतात. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक बोटींना असते. पण अशा माशांना दोन महिन्यांच्या विश्रांतीने फारसं भरून निघत नाही.

दोन रेषा आणि पागम यांच्या काळात पार शोधायला शिकावं लागे. बापाने मुलाला किंवा काकाने पुतण्याला नेऊन दाखवावा लागे. धुकं असलं की तो सापडत नसे. वारा नसला की तिथे जाता येत नसे. मासा टिकण्याचं बरंचसं श्रेय या अडचणींना आहे. त्या काळातल्या मच्छीमाराच्या पोटाला त्या अडचणी जाचकच होत्या, आणि आज इंजिन व पडदा वापरणाऱ्या त्याच्या नातवाला कोणी दोष देऊ नये. बदल एवढाच झाला की खडकाचं रक्षण पूर्वी मापच करत होतं, आणि आता ते आकड्यात लिहिलं गेल्यामुळे कोणाच्याही खिशात मावतं. आम्ही परत फिरताना एका पाहुण्याने पडद्याचा फोटो घ्यायला फोन वर केला. तांडेलाने पडद्यावर हात ठेवला. तो रागावला नव्हता. त्याने फक्त आकडे झाकले.

तो हात मला महत्त्वाचा वाटतो. माझ्यासारख्या माणसांना सगळं नोंदवून ठेवायची ओढ असते. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने आल्या आणि आधीच मागे पडत चाललेलं कट्टुमरम चेन्नईच्या वाळूवरून जवळजवळ नाहीसं झालं. ओंडक्यांबरोबर त्यांच्या भागांची नावं गेली, गाठींची नावं गेली, वाऱ्यांची नावं म्हाताऱ्यांकडे उरली. हे लिहून ठेवलं पाहिजे असं म्हणताना, त्याच वहीत पारांच्या जागाही लिहाव्यात असा मोह होतो. पण जागा लिहिणं म्हणजे त्या उघड करणं. वाऱ्याचं नाव छापल्याने वारा कमी होत नाही. पाराचा पत्ता छापल्याने पार रिकामा होऊ शकतो. सरकारी ट्रॉलरनी खडक नोंदवला नाही, हे मी वर उणीव म्हणून सांगितलं. त्या उणिवेने काही खडक राखलेही असतील.

चेन्नईतच, पल्लिकरणै इथे, राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आहे. तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारं यान तिथे विकसित केलं जात आहे. त्याचं नाव ‘मत्स्य ६०००’. तिथला तळ पाहायला जाणारी माणसं ज्या मापात बोलतील त्यात हातांचा संबंध उरणार नाही. ६,००० मीटर म्हणजे ३,२०० वावांहून अधिक, आणि एवढा दोर कोणी हातांनी ओढलेला नाही. त्या खोलीसाठी नवे शब्द लागतील आणि ते बहुधा इंग्रजीतून येतील. मधल्या वीस-चाळीस पागमांसाठी मात्र शब्द आहेत, तमिळमध्ये आणि मराठीतही. सध्या मी दोन्ही किनाऱ्यांच्या शब्दांची एक यादी करते आहे: वाव आणि पागम, खडप आणि पार, हेकरू आणि कळवा, मतलई आणि तिचे तमिळ सोबती. शब्दापुढे अर्थ लिहिते, कोणत्या गावात ऐकला ते लिहिते. पारांची नावं मिळाली तर तीही लिहिणार आहे. त्या नावांपुढे किती पागम आणि कोणत्या दोन खुणांच्या रेषेत, हा रकाना मात्र मी आखलेला नाही.